घांगुर्ड्यांची पट्टी आणि पद्मजाबाईंचा डोळा

यज्ञेश्वर घांगुर्डे यांना जगातलं काहीही पसंत नव्हतं. कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीला हे माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं, इस्त्रीवाल्याला तर फारच चांगलं माहीत होतं. पद्मजाबाईंना ते चाळीस वर्षं माहीत होतं, कारण त्यांचं लग्नच या माणसाशी झालं होतं.

घांगुर्डे जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. नोकरीत असताना ते लोकांच्या हद्दी मोजायचे. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून त्यांनी घर मोजायला घेतलं. अळूवडीची जाडी मोजायची. पडद्याची दुमड मोजायची. सोसायटीत पार्किंगचे नवे पट्टे मारले, तर हे महाशय भर उन्हात उकिडवे बसून दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजताहेत, आणि रंगारी बिचारा डबा हातात धरून उभा! मोजून झालं की मान हलवायची, नाकातून एक बारीक आवाज काढायचा आणि म्हणायचं, "म्हणजे हे असं आहे." त्यांच्या मापात उत्तीर्ण झालेली वस्तू पद्मजाबाईंनी आजवर पाहिलेली नव्हती.

मुलगी बघायला आले तेव्हाही हेच. पोहे खाल्ले, बशी खाली ठेवली आणि पद्मजाच्या वडिलांना म्हणाले, "तुमची मागची गॅलरी हद्दीच्या बाहेर गेलीय. कोणी तक्रार केली तर पाडावी लागेल." वडील खूश! मुलगा किती स्पष्टवक्ता, किती सरळ. आणि आतल्या दाराशी नव्या साडीत उभ्या असलेल्या पद्मजालाही अगदी तसंच वाटलं होतं. आता ते आठवलं की पद्मजाबाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं. अगं बये, ज्या माणसाला फुकटचे पोहे खाताना गॅलरी दिसते, त्याच्याबरोबर तू जन्म काढायला निघालीस?

आणि खरी पंचाईत पुढेच होती. पट्टी चुकायची नाही. सुताराने कपाटाचं दार तिरकं लावलंय म्हणाले, की ते तिरकंच निघायचं. शिंप्याने ब्लाउजचं कापड मारलंय म्हणाले, की शिंपी तत-पप करायला लागायचा. माणूस नुसताच खवचट असता तर पद्मजाबाईंनी कधीच कानाडोळा केला असता. पण हा खवचटही होता आणि मापात बरोबरही. अशा माणसापुढे घरात दुसऱ्या कोणाचं काय चालणार? हळूहळू पद्मजाबाईंनी स्वतःचं मत बाळगणंच सोडून दिलं. मुलगी हेमा, तीही फोनवर काही विचारायचं झालं तर म्हणायची, "आई, तू बाबांना विचारून सांग."

एकच गोष्ट पद्मजाबाईंनी न विचारता केली होती. पन्नाशीला टेकल्यावर, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून त्या स्कूटर चालवायला शिकल्या. घांगुर्डे म्हणाले, "या वयात हातपाय मोडून घ्यायची हौस आहे, घ्या." नाकातून आवाज. आणि पुढच्याच महिन्यात, बँकेत जायचं होतं आणि रिक्षा मिळत नव्हती, तेव्हा मुकाट मागे येऊन बसले. स्वतः सायकलच्या पुढे कधी गेले नाहीत, पण मागे बसून सगळा रस्ता तोंडाने चालवायचे. "डावीकडून रिक्षा. रिक्षा येतेय डावीकडून. त्या बसपासून तुमचं अंतर कमी आहे." रागावले की ते बायकोला अहो-जाहो करायचे. हेल्मेटच्या आत पद्मजाबाई दात खायच्या. पण एकट्या निघाल्या की मात्र गाडी म्हणजे सुख होतं. भाजी, वाचनालय, मैत्रिणीकडचं भजनी मंडळ, सगळं गाडीवरून. मागे कोणी मोजत नाही, पुढे रस्ता मोकळा. तेवढ्यासाठी त्या रोज काहीतरी आणायचं विसरायच्या.

मग डावा डोळा गढूळ झाला.

सुरुवातीला नजरेसमोर काळे धागे तरंगायचे. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी डोळ्याला आतून सूज आहे म्हणून थेंब दिले. थेंब घातले की बरं, थांबवले की पुन्हा धुकं. अशात पाच-सहा महिने गेल्यावर त्यांनी हात टेकले आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे डॉक्टर उल्का होत्या. पडद्याच्या आजारांच्या तज्ज्ञ, वयाने हेमाएवढ्या, बोलायला रोखठोक. त्यांनी डोळ्यातलं थोडं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि आठवड्याने सांगितलं की ही सूज नाही, हा लिंफोमा आहे. म्हणजे कॅन्सर. डोळ्याच्या आतला. मेंदूचा स्कॅन स्वच्छ आला होता, हे नशीब.

"डोळ्याला कधी कॅन्सर होतो का?" घांगुर्डे म्हणाले.

"होतो," डॉक्टर उल्का म्हणाल्या, आणि पुढचं पद्मजाबाईंकडे बघून बोलल्या. हे पद्मजाबाईंना इतकं नवीन होतं की पहिली दोन वाक्यं त्यांच्या कानावरून गेली. डोळ्यातच औषधाची इंजेक्शनं द्यायची. आधी आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक, असं वर्षभर. आणि मधून मधून पडद्याचे फोटो काढायचे.

त्यांनी संगणकावर फोटो दाखवला. नारिंगी रंगाचा मोठा गोल, त्यात लाल रेघांचं जाळं. एका बाजूला फिकट रंगाची एक छोटी टिकली, तिथून सगळ्या रेघा फुटलेल्या. "ही तुमची नस. आणि हा तिच्या शेजारी पिवळट डाग दिसतोय ना, तो आजार. आपण तो मावळताना बघायचा. औषध लागू पडतंय की नाही, ते हा फोटोच सांगेल. तुमची नजर सांभाळायची असेल, तर इंजेक्शन एकही चुकवायचं नाही."

पद्मजाबाईंना आपल्याच डोळ्याचा आतला भाग बघून कसंतरीच झालं. पण डाग कुठे आहे ते त्यांनी नीट बघून ठेवलं. त्या डागाला घालवायचं होतं.

इंजेक्शनचं मात्र त्यांनी कोणाला कधी सांगितलं नाही. डोळा बधिर करतात, दुखत नाही, हे सगळं खरं. पण सुई येताना दिसते हो! पापण्या चिमट्याने उघड्या धरलेल्या, आणि माणसाला डोळासुद्धा मिटता येत नाही. दर वेळी पद्मजाबाई पदराचं टोक मुठीत घट्ट धरायच्या आणि मनातल्या मनात भजन म्हणायला लागायच्या. घांगुर्डे बाहेर बसून प्रतीक्षागृहातल्या खुर्च्यांच्या ओळी तिरक्या आहेत, असं शालू सिस्टरला सांगत असायचे.

दीड महिन्याने डॉक्टर उल्का म्हणाल्या, "छान चाललंय. डाग कमी होतोय."

घांगुर्ड्यांनी पहिल्या फोटोची छापील प्रत मागून घेतली, घडी न पडता फाइलीत घातली आणि गाडीवर मागे बसल्यावर तोंड उघडलं. "औषध यांनीच द्यायचं, फोटो यांनीच काढायचा, आणि गुण आला हेही यांनीच सांगायचं. वा! स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा. आम्ही असली मोजणी केली असती, तर घरी बसवलं असतं." पद्मजाबाईंनी गाडी पुढे काढली. सिग्नल सुटला होता.

मग त्यांनी त्रयस्थ फोटो काढायचं ठरवलं. त्रयस्थ कोण? तर विश्रांतवाडीचा हिंदुराव. हा हिंदुराव मोजणीवर यांच्या हाताखाली साखळी ओढायचा, आणि यांनी तीस वर्षं चार लोकांत त्याला गाढवात काढलं होतं. त्याचा पुतण्या संभाजी शिकून डोळ्यांचा डॉक्टर झाला होता आणि त्याच्या दवाखान्यात मधुमेहाच्या पेशंटांसाठी पडद्याचा फोटो काढायचा कॅमेरा होता. एरवी ज्याच्या घरचं पाणी प्यायला यांना कमीपणा वाटायचा, तो आता बरा चालला.

हिंदुराव दारातच उभा होता. "या सायेब, या वैनी. किती वर्सांनी आलाय! डोळ्याचं काय झालं हो वैनी?"

"ते तुला कळायचं नाही," घांगुर्डे म्हणाले. "पुतण्या कुठंय?"

पद्मजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिंदुरावाने मात्र हसून खुर्ची पुसली आणि चहा सांगितला. संभाजीने थेंब घालून बाहुली मोठी होऊ दिली, फोटो काढला, मग घांगुर्ड्यांच्या हातातला दवाखान्याचा फोटो बघितला आणि म्हणाला, "काका, हा त्यांचा फोटो वेगळ्या कॅमेऱ्यावरचा आहे. याच्याशी माझा तुम्ही—"

"तू फोटो छापून दे," घांगुर्डे म्हणाले. "निष्कर्ष आम्ही काढू."

"नाही, पण काका, रिपोर्ट लिहून देतो ना मी—"

"रिपोर्ट नको. फोटो."

संभाजीने आपल्या काकाकडे बघितलं. हिंदुरावाने डोळ्यांनीच, राहू दे, असं सांगितलं. तीस वर्षांचा अनुभव होता त्याला. पोराने फोटो दिला आणि पद्मजाबाईंना हळूच म्हणाला, "काकू, हा तुमच्या डॉक्टरांना नक्की दाखवा." थेंबांमुळे पद्मजाबाईंना समोरचं सगळं उजेडाने भरलेलं दिसत होतं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि सवयीने काही बोलल्या नाहीत. पुढे हे न बोलणं त्यांना आयुष्यातल्या कुठल्याही बोलण्यापेक्षा महागात पडलं.

घरी आल्यावर जेवणाचं टेबल पुसून घेण्यात आलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी. चष्मा. टोकदार पेन्सिल. पट्टी. अशा वेळी घांगुर्ड्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते त्यांच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा नाही. त्यांनी पहिल्या फोटोतला पिवळा डाग मोजला. दुसऱ्यातला मोजला. पुन्हा मोजला. मग नाकातून तो आवाज.

"म्हणजे हे असं आहे. वाढलाय. चांगला दीडपट झालाय. आणि त्या बाई सांगतात, कमी होतोय!"

पद्मजाबाईंनी दोन्ही कागद स्वतःकडे ओढले. त्यांनी स्वतः बघितलं. खरंच, दुसऱ्या कागदावरचा डाग मोठा होता. पट्टी कधी चुकत नव्हती. आणि भीतीच्या मागोमाग, लाज वाटावी असं काहीतरी सुटल्यासारखंही वाटलं. उद्या इंजेक्शन होतं. औषधाचा उपयोगच नसेल, तर उद्या सुई नाही.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"लेखी खुलासा मागायचा."

इथे कुठलाही शहाणा नवरा काय करेल? दोन्ही फोटो घेऊन दवाखान्यात जाईल, टेबलावर आपटेल, हवं तर भांडेल, की हे काय आहे सांगा. पाच मिनिटांचं काम. पण तोंडी विचारलं तर ते लोक तोंडी उत्तर देतील, आणि तोंडी उत्तर घांगुर्ड्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं. त्यांनी सात पानांचं पत्र लिहिलं. मुद्दे, उपमुद्दे, मोजमापांचा तक्ता. पोचपावतीसह रजिस्टरने पाठवलं. आणि जाहीर केलं की लेखी उत्तर हातात पडेपर्यंत एकही इंजेक्शन घ्यायचं नाही.

जणू काही डोळ्यातला कॅन्सर पोस्टमनची वाट बघत थांबणार होता!

दवाखान्यातून फोन आले. शालू सिस्टरचे आले, एकदा खुद्द डॉक्टर उल्कांचा आला. "फोनवर चर्चा होणार नाही. पत्राला पत्राने उत्तर द्या," असं म्हणून घांगुर्ड्यांनी फोन ठेवला. ते पत्र कुठल्याशा टेबलावर जाऊन पडलं असेल. सात पानं वाचायला कोणाला वेळ आहे? आठवडे गेले, महिना गेला, दुसरा गेला. हेमाला फोनवर सांगण्यात आलं की सगळं व्यवस्थित आहे, बाबा बघताहेत. आणि पद्मजाबाई? त्या सकाळी उठून कणीक मळत होत्या, भजनाला जात होत्या आणि सुई नाही म्हणून देवाचे आभार मानत होत्या. बाईमाणसाने इतकंही भाबडं असू नये. पण जे डोकं चाळीस वर्षं कोणी वापरू दिलं नाही, ते ऐन वेळेला कसं चालणार?

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्या भाजी घेऊन परत येत होत्या. चौकात सिग्नलला थांबल्या. उन्हाची तिरीप उजव्या डोळ्यावर आली म्हणून त्यांनी तो क्षणभर मिटला, आणि समोरचा सिग्नलच नाहीसा झाला. खांब होता. खांबाशेजारचं झाड होतं, फुलवाली होती. मधोमध, जिथे दिवा हवा, तिथे नुसता राखाडी ठिपका. उजवा उघडला, की लाल दिवा. मिटला, की ठिपका. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारून मारून आई-बाप काढले, तेव्हा त्यांनी गाडी ढकलत कडेला घेतली. मेथीची जुडी पायाशी पडली होती आणि ती उचलायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

त्या घरी गेल्या नाहीत. गाडी तिथेच लावली, कुलूप घातलं आणि रिक्षा करून थेट दवाखाना गाठला. लग्न झाल्यापासून डॉक्टरकडे एकट्या जाण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

डॉक्टर उल्कांनी ताबडतोब फोटो काढला आणि पहिल्या फोटोशेजारी लावून बघितला. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "पद्मजाताई, तुम्ही का थांबवलंत?"

पद्मजाबाईंनी पर्समधून विश्रांतवाडीचा फोटो काढला. घांगुर्ड्यांनी तो पत्रासाठी झेरॉक्स करून आणला तेव्हापासून त्यांच्याच पर्समध्ये राहिला होता. त्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा आणि माप.

डॉक्टरांनी तो बघितला, आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की पद्मजाबाईंनी टेबलाची कड धरली.

"आमचा कॅमेरा सगळा पडदा एका कागदावर बसवतो," त्या म्हणाल्या. "हा छोटा कॅमेरा आहे, तो फक्त मधला भाग काढतो. कागद तेवढाच, म्हणून यात सगळंच मोठं दिसतं. ही नस बघा. आमच्या फोटोत केवढी, आणि इथे केवढी? नस काही वाढत नाही कोणाची. जन्मभर तेवढीच राहते. आता पहिल्या फोटोत बघा, त्या डागात नसेचे असे चार गोल सहज बसतील. आणि या तुमच्या फोटोत जेमतेम दीड."

"म्हणजे?"

"म्हणजे यात डाग निम्म्याहूनही लहान झालाय. औषध उत्तम लागू पडत होतं. हाच फोटो तर ते सांगतोय."

पद्मजाबाई त्या पेन्सिलीच्या रेघांकडे बघत राहिल्या. किती सुबक होत्या! एक रेघ इकडची तिकडे नाही.

"आणि आता?"

"आता तो मधल्या बिंदूवर आलाय. जिथून आपण माणसाचं तोंड बघतो, वाचतो, तिथे. आजच इंजेक्शन सुरू करू. आजार जाईल, मला खात्री आहे. पण मधली नजर परत येईल असं मी म्हणणार नाही. खोटं सांगत नाही मी तुम्हाला."

त्या दिवशीची सुई पद्मजाबाईंना जाणवलीच नाही. त्या भजन म्हणायलाही विसरल्या. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. लग्नानंतर नवीन नवीन असताना घांगुर्डे रात्री जेवताना मोजणीच्या फुशारक्या सांगायचे, की गावोगावचे लोक जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवून भांडत येतात, अडाणी लेकाचे, दोन्हींचं स्केल तरी बघतात का? दोन नकाशे लावायचे तर आधी हद्दीचा दगड शोधायचा. दगड हलत नाही. दगडाला दगड जुळवा आणि मग तोंड उघडा. या गोष्टीवर ते स्वतःच खूप हसायचे. पद्मजाही हसायची, नवी नवरी होती ना.

डोळ्यावर पट्टी बांधून त्या घरी आल्या तेव्हा घांगुर्डे दारातच उभे. "हे काय? लेखी उत्तर आलं का? मला न विचारता—"

"बसा," पद्मजाबाई म्हणाल्या.

त्यांनी टेबलावर दोन्ही फोटो ठेवले. शेजारी शेजारी, त्या दिवशी ठेवले होते तसेच. "दगड दाखवा यातला."

"कसला दगड?"

"हद्दीचा. जो हलत नाही तो. तुम्हीच सांगायचात ना? ही टिकली, ही माझ्या डोळ्याची नस. ही कोणाची वाढत नाही. घ्या पट्टी. मोजा!"

असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. घांगुर्ड्यांनी खिशातून पट्टी काढली. पहिली टिकली मोजली. दुसरी मोजली. माणूस हुशार होता, त्याला एवढं पुरे होतं. त्यांची पट्टी कागदावर टेकलेली तशीच राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पद्मजाबाई वाट बघत उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, हा माणूस म्हणेल की माझं चुकलं. तेवढं म्हणाला असता, तर त्यांनी रडून घेतलं असतं आणि दोघांसाठी चहा टाकला असता. त्यांची खरोखर तयारी होती.

घांगुर्ड्यांनी पट्टी खिशात घातली, घसा खाकरला आणि म्हणाले, "फोटोवर स्केल छापायला हवं होतं त्यांनी. कुठल्याही नकाशावर स्केल असलंच पाहिजे. हा शुद्ध निष्काळजीपणा आहे."

पद्मजाबाई आत गेल्या आणि एकाच माणसाचा चहा केला.

पुढचं वर्षभर त्यांनी एकही इंजेक्शन चुकवलं नाही. बसने जायच्या, एकट्या. घांगुर्डे फाइल घेऊन तयार होऊन बसायचे, आणि त्या शेजारून चपला घालून निघून जायच्या. फोटोंमधला डाग मावळत गेला. शेवटच्या फोटोत नारिंगी गोल स्वच्छ होता, मधोमध एक फिकट वण सोडून. डॉक्टर उल्का म्हणाल्या, "आजार गेला. उजव्या डोळ्यावर गाडी चालवता येईल, पण अंदाज यायला वेळ द्या." पद्मजाबाई रोज सकाळी सोसायटीच्या आवारात गाडी फिरवायला लागल्या. त्या पार्किंगच्या पट्ट्यांच्या मधून, हळूहळू.

एका रविवारी तळमजल्यावरचे आप्पासाहेब चौकशीला आले होते. घांगुर्डे पाय पसरून बसले होते आणि सांगत होते, "अहो, यांच्या मागे लागावं लागतं. मी सात पानांचं पत्र दिलं, तेव्हा कुठे ताळ्यावर आले. लेखी मागितलं की सुतासारखे सरळ होतात. नाहीतर डोळा घालवलाच होता त्यांनी."

पद्मजाबाई समोर चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. अंगाची लाही लाही झाली. ट्रे त्या डोक्यात घालावा, असंही क्षणभर मनात आलं. मग त्यांनी उजवा डोळा मिटून घेतला.

भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. आप्पासाहेबांची टोपी दिसत होती, खिडकी, खिडकीतली कुंडी. खुर्चीचे दोन हात दिसत होते आणि त्यावर ठेवलेली दोन कोपरं. मधोमध, जिथे यज्ञेश्वर घांगुर्ड्यांचं तोंड हवं, तिथे राखाडी ठिपका होता, आणि बाकी काही नव्हतं.

ठिपक्यातून आवाज आला, "चहात साखर कमी आहे."

"असू दे," पद्मजाबाई म्हणाल्या. उजवा डोळा उघडायची त्यांना काही घाई नव्हती.